अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये मुलांना खेळायचंय? आधी पात्रतेचे नियम समजून घ्या

इथल्या हायस्कूलमध्ये शाळेत बसून शिकणं हा मुलांचा हक्क आहे, पण शाळेच्या संघात खेळणं ही सवलत मानली जाते. नव्याने आलेल्या पालकांची निम्मी गल्लत इथेच होते. सवलत असल्यामुळे शाळा त्यावर अटी घालू शकते, मोडल्या तर संघातून बाजूला करू शकते, आणि ते सगळं कागदावर लिहिलेलं असतं. त्या कागदावर तुमची आणि मुलाची सही असते. बहुतेक वेळा ती ऑगस्टमध्ये घाईघाईत, फोनवर, चौकटींवर टिचक्या मारत केलेली असते.

आपल्याकडे शाळेच्या संघात निवड म्हणजे पीटीच्या सरांची नजर आणि पुढे स्पर्धेला वयाचा दाखला. इथे नियमांचे तीन थर असतात. सगळ्यात वर राज्याची संघटना: टेक्ससमध्ये यूआयएल, कॅलिफोर्नियात सीआयएफ, मिनेसोटात एमएसएचएसएल, मॅसॅच्युसेट्समध्ये एमआयएए. त्याखाली शाळेचा डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था), आणि त्याखाली त्या संघाचा कोच. खालच्या थराला वरच्यापेक्षा कडक नियम करता येतात, सैल नाही. एनएफएचएस नावाची राष्ट्रीय संस्था १९२० पासून आहे, पण ती मुख्यतः खेळाचे नियम लिहिते. तुमचं मूल खेळायला पात्र आहे की नाही, हे राज्य आणि शाळा ठरवतात. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मावशीने सांगितलेला नियम डॅलसमध्ये लागू पडेलच असं नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारायच्या आधी आपल्या राज्याच्या संघटनेचं पात्रतेचं पान उघडा.

आणि हे फक्त खेळाडूंपुरतं नाही. टेक्ससची यूआयएल १९१० साली वादविवाद स्पर्धेसाठीच सुरू झाली. आजही स्पेलिंगपासून एकांकिकेपर्यंत आणि मार्चिंग बँडपर्यंत सगळं तिच्या अखत्यारीत येतं. मुलगी धावत नाही, डिबेटमध्ये आहे, म्हणून हा लेख सोडू नका.

पहिली पायरी: शाळेत नाव घालण्याआधी इयत्ता नक्की करा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण इथली चूक नंतर सहसा दुरुस्त होत नाही.

वयाची अट सरळ आहे. टेक्ससमध्ये त्या शालेय वर्षाच्या १ सप्टेंबरला किंवा त्याआधी १९ वर्षं पूर्ण झाली असतील तर व्हार्सिटीसाठी, म्हणजे शाळेच्या मुख्य संघासाठी, मूल अपात्र. कॅलिफोर्नियात १५ जूनच्या आधी १९ पूर्ण झाली, तर पुढचं अख्खं वर्ष संघाचं दार बंद. तुमच्या राज्यातली तारीख वेगळी असेल, ती बघून ठेवा.

खरी गोम आठ सेमिस्टरच्या नियमात आहे. मूल नववीत पहिल्यांदा गेलं की घड्याळ सुरू होतं, आणि सलग आठ सेमिस्टर म्हणजे चार वर्षं झाली की थांबतं. मधे मूल खेळलं की नाही, आजारी होतं की नाही, याच्याशी घड्याळाला देणंघेणं नसतं. नववी भारतात झाली असेल तर ती सहसा धरली जाते.

आता एक उदाहरण बघा. मुलगा भारतात दहावी करून जुलैमध्ये आला. तो अकरावीत, म्हणजे इथल्या भाषेत ज्युनियर, जायला हवा. काउन्सेलर म्हणते, इथल्या पद्धतीची सवय व्हावी म्हणून पुन्हा दहावीत बसवूया, आणि आईवडिलांनाही ते पटतं. अभ्यासाच्या दृष्टीने निर्णय कदाचित योग्यही असेल. पण हिशोब करा: भारतातली नववी आणि दहावी मिळून चार सेमिस्टर गेली, इथली दहावी धरून सहा, अकरावी संपली की आठ. बारावीत, जेव्हा तो संघात सगळ्यात तयारीचा असेल, तेव्हा तो बाकावरसुद्धा बसू शकणार नाही. म्हणून इयत्तेचा निर्णय घेताना काउन्सेलरबरोबर अ‍ॅथलेटिक डायरेक्टरलाही (शाळेतल्या खेळांचा प्रमुख) एक ईमेल टाका आणि उत्तर लेखी मिळवा. आजारपणासारख्या कारणांसाठी सूट मागता येते, पण “आम्हाला माहीत नव्हतं” हे कारण त्यात बसत नाही.

दुसरी पायरी: पत्ता खरा, कुटुंब एकत्र

आईवडील दोघांसह मूल परदेशातून येऊन शाळेच्या हद्दीत राहायला लागलं, तर पात्रतेचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. अडचण होते ती मूल काका-काकूंकडे राहायला आलेलं असतं तेव्हा. बऱ्याच राज्यांत आईवडिलांशिवाय राहणाऱ्या मुलाला कोर्टाचं पालकत्व किंवा संघटनेची खास परवानगी लागते. एक्स्चेंज कार्यक्रमातून जे-१ व्हिसावर आलेल्या मुलांना बहुतेक राज्यं एक वर्ष खेळू देतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सरकारी हायस्कूलमध्ये मुळात १२ महिनेच शिकता येतं, तेही खर्च भरून.

राहता राहिलं शाळा बदलणं. भाड्याचं घर बदललं, शाळा बदलली, असं आपल्या लोकांत पहिल्या दोन वर्षांत हमखास होतं. नवी शाळा मग विचारते: आधी कुठे खेळलात, का बदललंत? टेक्ससमध्ये यासाठी वेगळा फॉर्मच आहे आणि जुन्या शाळेलाही त्यावर मत द्यावं लागतं. चांगल्या कोचसाठी शाळा बदलली असं समितीला वाटलं, तर किमान एक वर्ष व्हार्सिटी विसरायची. आणि ओळखीच्या माणसाचा पत्ता देऊन हवी ती शाळा मिळवण्याची आपली सुपीक कल्पना इथे फार महागात पडते. कॅलिफोर्नियात खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं, तर २४ महिन्यांपर्यंत अपात्रता येऊ शकते.

तिसरी पायरी: कागद

जूनमध्येच शाळेच्या अ‍ॅथलेटिक्सच्या पानावर जाऊन यादी काढा. फिजिकल म्हणजे डॉक्टरी तपासणीचा फॉर्म, विम्याचा तपशील, डोक्याच्या दुखापतीची माहिती वाचल्याची सही, आचारसंहितेवर सही, आणि काही ठिकाणी फी. यातलं एक जरी अर्धवट असेल तर मूल ट्रायआउटच्या, म्हणजे संघनिवडीच्या, दिवशी कुंपणाबाहेर उभं राहतं. कोच कितीही भला असला तरी त्याच्या हातात काही नसतं.

फिजिकलची तारीख नीट बघा. मिशिगनमध्ये येत्या शालेय वर्षासाठीची तपासणी आधीच्या १५ एप्रिलला किंवा त्यानंतर झालेली लागते. १० एप्रिलला केलेली तपासणी त्या वर्षाला चालत नाही. अजून एक: उन्हाळ्यात भारतात गेल्यावर डॉक्टर मामांकडून फॉर्म भरून आणायचा बेत बऱ्याच घरांत शिजतो. फॉर्मवर परवानाधारक डॉक्टर, फिजिशियन असिस्टंट किंवा नर्स प्रॅक्टिशनरची सही मागितलेली असते, आणि हा परवाना इथला अपेक्षित असतो. मामांच्या सहीवर विसंबू नका. घराजवळच्या अर्जंट केअरमध्ये हे काम अर्ध्या तासात होतं.

दमा असेल, इनहेलर लागत असेल, लहानपणी कधी चक्कर येऊन पडल्याचं आठवत असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर ते फॉर्ममध्ये लिहा. संघात घेणार नाहीत या भीतीने लपवू नका. तो प्रश्न त्या फॉर्ममध्ये उगाच नाही.

चौथी पायरी: मार्कांचं गणित

टेक्ससमध्ये याला ‘नो पास, नो प्ले’ म्हणतात. १९८४ च्या शिक्षण कायद्यातून हा नियम आला. उद्योगपती रॉस पेरो यांच्या समितीच्या शिफारशीतून आलेल्या या नियमावर तेव्हा फुटबॉलवेड्या राज्यात भरपूर ओरड झाली होती. नियम असा: ग्रेडिंगचा कालावधी संपताना एकाही विषयात ७० पेक्षा कमी असतील, तर सात दिवसांनी मूल अपात्र ठरतं. सराव करता येतो, सामना नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते आणि तेव्हा सगळ्या विषयांत पास असेल तर परत संघात. एपीसारख्या (कॉलेजच्या पातळीच्या) ठरावीक कठीण विषयांना यातून सूट असते, पण ती यादी आपल्या डिस्ट्रिक्टकडून बघून घ्या. सरासरी ९२ आहे म्हणून एका विषयातले ६८ माफ होत नाहीत, हे आपल्या पालकांना समजावताना जीव मेटाकुटीला येतो.

कॅलिफोर्नियात उलट सरासरीच बघतात: ४.० पैकी किमान २.०, म्हणजे साधारण सी. कमी पडलं तर डिस्ट्रिक्ट एका सेमिस्टरपर्यंत प्रोबेशनवर, म्हणजे सुधारण्याच्या अटीवर, खेळू देऊ शकतं, पण तसं करायचं की नाही हे डिस्ट्रिक्टच्या मर्जीवर.

आपली मुलं सहसा बुद्धीमुळे अडकत नाहीत. अडकतात ती न सबमिट केलेल्या गृहपाठांमुळे. भारतात वर्षाअखेरची परीक्षा सगळं भरून काढते. इथे ऑनलाइन पोर्टलमध्ये तीन असाइनमेंटपुढे शून्य दिसलं की सरासरी कोसळते. दर रविवारी रात्री मुलासोबत पोर्टल उघडा. शिक्षिकेने मार्क भरायचे राहिले असतील तर तिला ईमेल मुलानेच लिहू दे. वडिलांच्या ईमेलपेक्षा त्याला लवकर उत्तर येतं.

पाचवी पायरी: हंगाम चालू असताना

त्या दिवशी शाळेत हजर नसाल तर त्या दिवशी सामना नाही, हा नियम जवळपास सगळीकडे आहे. किती तास हजेरी लागते ते शाळेनुसार बदलतं. डिसेंबरमध्ये तीन आठवडे भारतात जायचं असेल तर तिकिटं काढण्याआधी कोचशी बोला. बास्केटबॉल आणि कुस्तीचा हंगाम नेमका तेव्हाच ऐन भरात असतो. बऱ्याच राज्यांत पहिल्या सामन्याआधी ठरावीक दिवस सराव झालेला लागतो. लग्नकार्य असेल तर जा जरूर, पण परत आल्यावर जागा तीच असेल असं धरून चालू नका.

बाहेरच्या क्लबचं बघा. कॅलिफोर्नियात शाळेचा हंगाम चालू असताना त्याच खेळात बाहेरच्या संघाकडून खेळता येत नाही. बॅडमिंटन खेळणाऱ्या आपल्या बऱ्याच मुलांना हा नियम माहीतच नसतो. रविवारच्या क्रिकेट लीगचं टेन्शन नको, कारण बहुतेक शाळांत क्रिकेट नाहीच. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळा याला अपवाद, तिथे २००८ पासून शालेय क्रिकेट स्पर्धा होतात.

बक्षिसाची रोख रक्कम घेऊ नका. मंडळाच्या स्पर्धेत मिळालेलं पाकीटसुद्धा आधी विचारून घ्या. हौशी खेळाडू हा दर्जा त्याने जाऊ शकतो. काही राज्यांत आता हायस्कूलच्या खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातीतून पैसे मिळवायची मुभा आहे. पण मूल एच-४ व्हिसावर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर त्याला इथे काम करायची परवानगी नसते. अशा वेळी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय एक डॉलरही घेऊ नका.

हातातला गंडा, कानातलं, गळ्यातली चेन काढून जा. काही खेळांत धार्मिक वस्तूला टेप लावून परवानगी मिळते, पण पंचांशी मैदानावर वाद घालण्यापेक्षा कोचला आधी सांगणं बरं. सामन्यातून पंचांनी बाहेर काढलं तर पुढचा किमान एक सामना जातो. आणि हो, पालकांनाही बाहेर काढतात.

सहावी पायरी: आचारसंहिता, आणि ती वर्षभराची

आता त्या ऑगस्टमधल्या सहीकडे येऊ. आचारसंहिता शाळेच्या वेळेपुरती असते असं मुलांना वाटतं. अनेक ठिकाणी ती वर्षाचे बारा महिने लागू असते, सुट्टीत आणि दुसऱ्या गावीसुद्धा.

मिनेसोटात दारू, तंबाखू, वेप (ई-सिगारेट) किंवा ड्रग्जचं पहिलं उल्लंघन झालं तर दोन सामने किंवा दोन आठवडे, यातलं जे जास्त असेल तेवढं बाहेर. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिल्या वेळी हंगामातले २५ टक्के सामने जातात, दुसऱ्या वेळी ६० टक्के. दुसऱ्या वेळी मुलाने उपचाराचा कार्यक्रम स्वीकारला तर ते ४० टक्क्यांवर येऊ शकतं. तिथला अपूर्णांक सोडून देतात: १८ सामन्यांचे २५ टक्के साडेचार होतात, म्हणून चार सामने बाहेर. पण चार सामने म्हणजे सीनियर, म्हणजे बारावीतल्या, मुलीसाठी कॉलेजचे कोच बघायला येण्याचे तेच दिवस असू शकतात.

त्याच नियमात बिनअल्कोहोलची बिअरसुद्धा मोडते. वापरणं वेगळं आणि जवळ बाळगणं वेगळं असा भेदही नाही. मित्राचा वेप पाच मिनिटं स्वतःच्या बॅगेत ठेवला, तरी तो तुमच्या मुलाकडे सापडला असंच धरलं जातं. डॉक्टरांनी स्वतःच्या नावावर लिहून दिलेलं औषध चालतं. मैत्रिणीची एकाग्रतेची गोळी चालत नाही. भारतातून आणलेली औषधं सराव-बॅगेत सुटी टाकू नका; चिठ्ठीसह मूळ पाकिटात ठेवा आणि शाळेच्या नर्सला दाखवून ठेवा. प्रोटीन पावडर आणि ‘स्नायू वाढवणाऱ्या’ गोळ्यांपासून लांबच राहिलेलं बरं, डब्यावर काहीही लिहिलेलं असो.

मग पार्टीला नुसतं हजर असलं तर? मॅसॅच्युसेट्सचा नियम संगतीमुळे कुणाला दोषी धरायचा हेतू नाही, असं स्पष्ट म्हणतो. पण कित्येक डिस्ट्रिक्ट हजर राहणंही गुन्हा धरतात आणि ताबडतोब निघून जाण्याची अपेक्षा ठेवतात. तुमच्या शाळेचा नियम कोणता, ते सही करण्याआधी वाचा आणि मुलाला मोठ्याने वाचून दाखवा. शिवाय घरात एक करार करा: रात्री कितीही वाजता “न्यायला ये” असा मेसेज आला, तर आईबाबा गाडी काढतील आणि त्या रात्री प्रश्न विचारणार नाहीत. आपल्या घरांत अशा वेळी आधी बोलणी बसतात, म्हणून मुलं मेसेज करायचं टाळतात आणि तिथेच थांबतात.

रॅगिंगला इथे हेझिंग म्हणतात. नव्या मुलांचे केस कापणं, जुन्यांचं सामान उचलायला लावणं, ‘परंपरा’ म्हणून काहीतरी पिऊन दाखवायला लावणं हे सगळं त्यात येतं. समोरचा ‘हो’ म्हणाला होता हा बचाव बहुतेक ठिकाणी चालत नाही. बऱ्याच राज्यांत हा शाळेच्या नियमांपलीकडे कायद्याने गुन्हा आहे.

फोनबद्दल थोडं. पेनसिल्व्हेनियातल्या एका मुलीने व्हार्सिटी चीअरलीडिंगच्या संघात निवड न झाल्याच्या रागात शनिवार-रविवारच्या सुट्टीत, शाळेबाहेरून स्नॅपचॅटवर शिवीगाळ टाकली, आणि शाळेने तिला वर्षभरासाठी ज्युनियर व्हार्सिटी, म्हणजे दुय्यम, संघातून काढलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०२१ मध्ये निकाल ८ विरुद्ध १ असा तिच्या बाजूने लागला. हे ऐकून मुलं खूश होतात. पण त्याच निकालात कोर्टाने हेही म्हटलंय की धमकी, छळ, दादागिरी असेल तर शाळा बाहेरच्या बोलण्यातही लक्ष घालू शकते. संघाच्या ग्रुप चॅटमध्ये दुसऱ्या मुलाची टिंगल करणारा फोटो कुठल्या बाजूला पडेल, ते तुम्हीच ठरवा.

ड्रग चाचणीबद्दल पालक हमखास विचारतात, संशय नसताना माझ्या मुलीची चाचणी कशी करता? ऑरेगॉनच्या व्हर्नोनिया प्रकरणात १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने खेळाडूंच्या अशा चाचण्यांना मान्यता दिली, आणि २००२ मध्ये ओक्लाहोमाच्या प्रकरणात ती स्पर्धांत भाग घेणाऱ्या सगळ्या उपक्रमांपर्यंत वाढवली. त्या दुसऱ्या प्रकरणात दाद मागणारी मुलगी शाळेच्या गायनवृंदातली होती. सगळ्या शाळा चाचण्या करतात असं नाही, पण तुमच्या शाळेच्या कागदात तसं लिहिलं असेल तर संमतीशिवाय संघात जागा मिळत नाही.

डोक्याला मार लागला तर

वॉशिंग्टन राज्यात २००६ मध्ये १३ वर्षांचा झॅकरी लायस्टेड डोक्याला मार बसल्यावर पुन्हा फुटबॉलच्या मैदानात उतरला आणि कायमचा जायबंदी झाला. २००९ मध्ये त्याच्या नावाने कायदा झाला आणि पुढे प्रत्येक राज्याने तसा कायदा केला. कन्कशनची, म्हणजे मेंदूला धक्का बसल्याची, शंका आली की मूल त्याच क्षणी बाहेर, आणि वैद्यकीय तज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत नाही. “मला काही होत नाहीये” हे मुलाचं बोलणं इथे ग्राह्य धरत नाहीत. धरू नयेच.

काही बिनसलं तर

मूल अपात्र असताना खेळलं, तर संघाने जिंकलेले सामनेही हरलेले धरले जाऊ शकतात. एका मुलाच्या कागदामुळे अख्ख्या संघाचा हंगाम वाया गेला की त्या मुलाला शाळेत तोंड दाखवणं अवघड होतं. म्हणून शंका असेल तर आधी सांगा. नियम मोडल्याचं स्वतःहून कबूल केलं तर शिक्षा कमी करायची तरतूदही अनेक डिस्ट्रिक्टांत असते.

दाद मागायचा क्रम ठरलेला आहे: कोच, मग अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, मग मुख्याध्यापक, आणि पात्रतेचा प्रश्न असेल तर राज्याची संघटना. सामना संपल्या संपल्या कोचला गाठू नका. चोवीस तास जाऊ द्या आणि ईमेलने वेळ मागा. मुलाला किती मिनिटं खेळवलं यावर दाद मागता येत नाही, तो कोचचा अधिकार. पात्रता, शिस्त आणि सुरक्षितता यावर मागता येते. लेखी निर्णय मागा, त्यावरची तारीख बघा, कारण अपिलाची मुदत मोजक्या दिवसांची असते. घरून कडक भाषेत लांबलचक ईमेल पाठवण्यापेक्षा नियमाचा क्रमांक आणि आपला पुरावा अशा चार ओळी जास्त कामाच्या.

कॉलेजात खेळायचं असेल तर

नववीतच एनसीएए या कॉलेजच्या खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या संकेतस्थळावर आपल्या हायस्कूलच्या मान्य विषयांची यादी बघा. डिव्हिजन वनसाठी, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीसाठी, १६ कोअर (मुख्य अभ्यासाचे) विषय आणि त्यांत २.३ जीपीए (ग्रेडची सरासरी) लागतो, डिव्हिजन टूसाठी २.२. सॅट-अ‍ॅक्ट या प्रवेशपरीक्षांची अट २०२३ पासून राहिलेली नाही. डिव्हिजन वनसाठी १६ पैकी १० विषय सातवं सेमिस्टर सुरू होण्याआधी, म्हणजे बारावीत पाऊल ठेवण्याआधी पूर्ण झालेले हवेत. भारतात केलेल्या नववी-दहावीच्या मूळ गुणपत्रिका, बोर्डाचं प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्या प्रती भारतातून निघतानाच घेऊन ठेवा. तीन वर्षांनी तिकडच्या शाळेच्या ऑफिसात कुणाला तरी पाठवून त्या मिळवायच्या म्हणजे नातेवाईकांना दोन-चार चकरा ठरलेल्या.